शेपटाकडची वाडी

भिवराबाई, नदी उतरली.

दिवाळीच्या आधीपासूनच उतरत होती, पण दिवे विझेपर्यंत नदीवर भरवसा ठेवायचा नाही असं तूच आम्हाला शिकवलंस, म्हणून आम्ही थांबलो. परवा सकाळी भांडी घेऊन घाटावर गेले तर समोर रेती वर आलेली. यंदा ती पलीकडच्या काठाकडे सरकली आहे. वरच्या घाटावर रेती नेणारे ट्रॅक्टर लागल्यापासून तिचा काही नेम राहिला नाही. मधे गुडघाभर पाण्याची धार आहे, आणि गेल्या साली दिवाकरभाऊनं जिथे टरबूज लावलं होतं तिथे आता डोह आहे. हे सगळं तुला सांगावं म्हणून राखेचा बोळा हातात तसाच धरून मी तुझ्या खोपीकडे निघाले. पळसापर्यंत आले आणि मग आठवलं. तुझ्या दाराला सुतळी बांधलेली आहे. ती मीच बांधली आहे.

गेलेल्या माणसाची आठवण येते म्हणतात. मला तू गेलीस हेच आठवत नाही. दिवसातून चार वेळा ते नव्यानं कळतं, आणि दर वेळी मी चिडते. कोणावर चिडते ते विचारू नको.

तू भादव्यात गेलीस, नदी दोन्ही काठ भरून चाललेली असताना. ‘मले रेतीवर नेजा, मातीवर मले करमत नाई,’ असं तू नेहमी सांगायचीस. पण रेती तेव्हा खोल पाण्याखाली होती. शेवटी तुला वर, पळसाखाली नेलं. लाकडं ओली, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळत नव्हतं. जिनं एवढी वर्षं वस्तीला रेती वाटली तिला जाताना पायाखाली रेती मिळू नये, हे मला फार लागलं. शेजारची शेवंता घरी पळत गेली आणि पाण्याच्या मडक्याखालची ओली रेती ओंजळीत घेऊन आली. तेवढीच तुझ्या पायाशी टाकली.

दहाव्याला लोक तुझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. ते मी इथे लिहीत नाही, तुला ते ऐकून खोकला आला असता. तुझं वय, तुझं माहेर, तुझा दादला कधी गेला, तेही लिहीत नाही. मला तुझ्याशी भांडण पुरं करायचं आहे. ते अर्धं टाकून तू निघून गेलीस, आणि आज सकाळी रेतीवर जे झालं ते तुला कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

अंगणवाडीच्या रजिस्टरानं मला एक खोड लावली आहे. ज्याला ठाऊक आहे त्यालाही मी सगळं पहिल्यापासून सांगते. तर ऐक, तुझंच काम तुला सांगते. नदी दर पावसाळ्यात रेती उचलते आणि दर हिवाळ्यात नव्या जागी आणून टाकते. जुनी एकही खूण राहत नाही. आपली चौदा घरं मासे धरणाऱ्या ढिवरांची, हिवाळा-उन्हाळा त्या रेतीत डांगर, म्हणजे पुस्तकातलं खरबूज, काकडी, टरबूज लावून राहणार, आणि रेती कोणाच्याच नावावर नाही. म्हणून दर साली नवी वाटणी. तू अनवाणी रेतीवर फिरायचीस, टाच दाबून बघायचीस, मधेच फतकल मारून कोपरापर्यंत हात आत घालायचीस. मग ती तुझी बांबूची काठी, दादला डोंगा ढकलायचा तो बांबू कापून केलेली, आडवी टाकत वरच्या अंगानं मोजायला लागायचीस. आठ काठ्या झाल्या की पळसाची खुंटी. पुन्हा आठ काठ्या, पुन्हा खुंटी. प्रत्येक पट्टा उंच रेतीपासून थेट धारेपर्यंत, म्हणजे सगळ्यांना कोरडं सारखं आणि ओलं सारखं.

मग आम्ही आपापली खूण तुझ्या पदरात टाकायचो. दिवाकरभाऊचं जाळ्याचं शिसं, शेवंताची कवडी, माझा हिरव्या बांगडीचा तुकडा. तू डोळे मिटून एकेक खूण काढायचीस. पहिली खूण वरच्या पट्ट्याला, दुसरी त्याच्या खालच्याला, असं उतरत उतरत तेरा खुणा, तेरा वाड्या. चौदावी वाडी शेपटाकडची, रेती जिथे संपते तिथली. ती तुझी. वाटणाऱ्यानं आपली खूण टाकायची नाही, उरेल ते घ्यायचं. हा कायदा तुझ्या सासऱ्यानं केला की त्याच्याही आधी कोणी, हे तुलाही माहीत नव्हतं.

सहा-सात वर्षांपूर्वी तू ती काठी माझ्यापुढे धरलीस.

‘मंदे, गुडघे बोलून राह्यले माहे. पुढच्या साली काठी तू घेजो.’

मी म्हटलं, ‘मले काय समजते बाई रेतीतलं? मी तलावावरची पोर.’

‘लगन होऊन जमाना झाला, लेकराचं लगन झालं, अजून तुहा तलाव सुटला नाई का व?’

सगळे हसले, मीही हसले आणि तेवढ्यावर ते निभावलं. पुढच्या साली तू पुन्हा काठी धरलीस. मी म्हटलं अंगणवाडीत सर्व्हे आहे. त्याच्या पुढच्या साली म्हटलं कंबर धरली आहे. दर साली मी नवं कारण काढत गेले आणि तू दर साली ‘बरं’ म्हणत गेलीस. खरं कारण मी तुला कधीच सांगितलं नाही. आज सकाळी चारचौघांत सांगितलं, पण तू नव्हतीस, म्हणून पुन्हा लिहिते.

माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष होतं. त्या साली माझी बांगडी तेराव्या वाडीला पडली, म्हणजे तुझ्या अगदी वर, मधे फक्त एक खुंटी. त्या खुंटीच्या पलीकडे, तुझ्या बाजूला, दोन काठ्या रुंद असा गडद ओला पट्टा होता. मी कुरखेड्याकडची. आमच्याकडे धान. ओल दिसली की पीक दिसतं, हे माझ्या रक्तात. दुपारची वेळ होती, सगळे जेवायला वर गेले होते, आमचे हे आरमोरीला खत आणायला गेले होते. मी खुंटी उपटली, दोन काठ्या तुझ्या बाजूला नेऊन रोवली आणि जुन्या भोकात पायानं रेती लोटली. पळसाची खुंटी रेतीतून निघते तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. एकटा जीव, बाईला किती लागतं, असा विचार मनात आला होता, आणि तो मला त्या दिवशी अगदी न्यायाचा वाटला होता.

मी सगळं बी त्या ओल्या पट्ट्यात लावलं. वेल कसे भराभर वर आले! मी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवले. मग एक दिवस पानं पिवळी पडली, आणि आठवड्यात वेलांनी माना टाकल्या. मी वाडीत बसून रडत होते आणि तू वरून आलीस.

‘काऊन रडून राह्यली व?’

‘वेल गेले सगळे.’

तू एक वेल उपटलास, मुळाचा वास घेतलास आणि माझ्याकडे बघत बसलीस. ‘धान लावलं का तू इथी? डांगराले ओल पायजे, पाणी नाई.’ मग माझा हात धरून वरच्या कोरड्या अंगाला नेलंस, कोपरापर्यंत उकरायला लावलंस, आतली रेती मुठीत दाबायला लावलीस. ‘आता उघड मूठ. गोळा राह्यला पायजे आन् बोट लावलं की फुटला पायजे. पाणी गळलं तं जागा सोडाची.’ दुसऱ्या दिवशी तू टोपलीत धानाचं तणीस घालून आपल्या वाडीतली रोपं आणलीस, एक पूर्ण ओळ उचलून, आणि माझ्या वाडीत लावून दिलीस. तुझी ओळ रिकामी राहिली. मी म्हटलं, ‘बाई, तुले कमी पडन ना.’ तू म्हणालीस, ‘मले किती लागते?’

मी जे मनात म्हटलं होतं तेच तू तोंडानं म्हणालीस. मला तेव्हा रेतीत तोंड खुपसावंसं वाटलं.

चैत्रात त्या वेलांना डांगरं लागली. तुझी रोपं, तुझ्याकडून चोरलेली रेतीही माझ्याकडेच, आणि पहिलं डांगर मी तुझ्यापुढेच फोडलं. तू फोड खाल्लीस आणि म्हणालीस, ‘गोड झालं. तुह्या हाताले गोडी हाय.’ मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्याही तोंडात फोड होती. ती गिळली आणि गप्प बसले. त्यानंतर वर्षं गेली. जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं, आणि जितकी तू माझी जवळची झालीस तितकं तर फारच.

आपलं दुसरं भांडण कागदाचं. मला अंगणवाडीची नोकरी लागली तेव्हा मी नवी नवी शहाणी झाले होते. एका रविवारी पट्टी-पेन्सिल घेऊन सगळ्या वाड्यांचा नकाशा काढला. चौदा पट्टे, प्रत्येकावर नाव, प्रत्येकाचं माप. म्हटलं वस्तीत सगळ्यांना दाखवू, म्हणजे कोणाची कुरबुर नको. तुला आणून दाखवला. तू कागद उलटा धरून बराच वेळ पाहिलास.

‘हे काय व, फणी?’

मी समजावून सांगितलं. तू कागद परत दिलास. ‘नदी दरसाल पुसून टाकते. तू कायले लिहून राह्यली?’

‘लिहिलं नाई म्हणून तं लोक खुंट्या सरकवते!’ माझ्या तोंडून गेलंच. गेलं आणि मी जीभ चावली.

तू तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकलास आणि नदीकडे बघत म्हणालीस, ‘सरकवू दे. रेती कुठी जाते? इथीच राह्यते.’

मी भडकले. म्हटलं, असं म्हणणं सोपं आहे, ज्याचा हात लांब त्याचं फावतं आणि जो गरीब तो गप्प बसतो, हा कोणता न्याय? मी तावातावानं बोलत होते आणि मनात भीती होती की आता तू माझ्या डोळ्यांत बघशील. तू बघितलंस का ते मला आठवत नाही, कारण मीच बघितलं नाही. त्या भांडणात माझं बरोबर होतं असं मला अजून वाटतं. निदान अर्धं तरी.

तुझ्या दहाव्याला सत्तारभाऊ आरमोरीहून आले होते. उन्हाळ्यात आपला माल भरायला टेम्पो घेऊन येतात ते. माणसांपासून जरा बाजूला, रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, ‘बाईनं मले कधी सडकं डांगर देलं नाई. पण एक सांगू का मंदाबाई, टेम्पोतला बाईचा कोपरा कधी पुरा भरलाच नाई. सगळ्यांचे ढीग लागे, बाईची अर्धी टोपली. वाडी तं सगळ्यांची बरोबरीची ना?’ मी हो म्हटलं आणि कप घेऊन आत गेले. त्या वेळी मला फक्त माझ्या दोन काठ्या आठवल्या. त्याही एकाच सालच्या.

आणि ते शेवटचं भांडण. तू तापानं पडली होतीस. मी भाताची पेज करून आणली. काठी तू उशाशी घेतली होतीस, बाजेला टेकवून.

‘घे व आता तरी,’ तू म्हणालीस.

‘दुसरा कोणी पाह्य. दिवाकरभाऊले दे.’

‘दिवाकर पह्यले सोताचं पाह्यते. तू घे.’

‘मले नाई पायजे म्हटलं ना!’

मी वाटी आपटली. आजारी माणसापुढे. तू थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंस, मग पेजेचा एक घोट घेतलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. ‘बरं,’ म्हणालीस. आणि मग, ‘पेज अळणी हाय.’

मी तणतणत घरी आले. दोन दिवस मुद्दाम आले नाही, पेज शेवंताच्या हाती पाठवली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंता धावत आली. तुझं-माझं शेवटचं बोलणं मिठावरून झालं, भिवराबाई. एवढ्या वर्षांचं बोलणं, आणि शेवट मिठावर.

आता आज सकाळचं.

सगळी वस्ती धार ओलांडून रेतीवर जमली. बायकांनी लुगडी खोचलेली, पोरं पाण्यातच रमलेली. मी मागे उभी होते. दिवाकरभाऊ तुझ्या दाराची सुतळी सोडून काठी घेऊन आला होता. तो सरळ माझ्यापुढे आला आणि दोन्ही हातांनी काठी धरली.

‘बाई सांगून गेली मले. मंदाच्याच हाती देजा म्हणे.’

म्हणजे मी वाटी आपटून गेल्यावरही तू ऐकलं नव्हतंस. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं की मी कंबरेचं कारण सांगेन, ते तयारही होतं. पण पायाखाली रेती होती, ओली, गार, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

‘मले नाई घेता येत. मी बाईची खुंटी सरकवली होती.’

आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की आपण ह्या बाईला ओळखतो की नाही. मला वाटलं आता वस्तीत माझं तोंड दाखवणं बंद झालं.

दिवाकरभाऊनं डोकं खाजवलं. ‘कोण्या साली?’

‘लगनाच्या तिसऱ्या साली. दोन काठ्या.’

‘मंग तं लय जुनं हाय,’ तो म्हणाला, आणि काठी रेतीत टेकवत म्हणाला, ‘मी तं गेल्या साली सरकवली.’

आधी शेवंता फिसकन हसली. मग म्हणाली, ‘मले माहीत हाय. तुमच्या खाली मीच होती ना भाऊ. माही एक काठी तुम्ही खाल्ली, मले कमी पडली, मंग मी माह्या खालची खुंटी सरकवली.’ तिच्या खालच्या वाडीवाला म्हणाला, ‘अस्सं! म्हणून माही कमी भरली. मी बी मंग खालची सरकवली.’ मग एकेक जण सांगायला लागला. कोणी दर साली, कोणी एकदाच, कोणी अर्धी काठी, कोणी तीन. आपल्याला कमी भरली की खालच्याची थोडी घ्यायची, हे सगळ्यांनाच सुचलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एक चोर. लोक पोट धरून हसत होते. मीसुद्धा हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून नदीत टाकला होता.

मग हसू आपोआप थांबलं. कोणी थांबवलं नाही. एकेकाची नजर खाली गेली, शेपटाकडे, रेती संपते तिथे.

प्रत्येकानं खालच्याचं घेतलं होतं. खालच्यानं त्याच्या खालच्याचं. सगळ्यांची भरपाई होत होत शेवटी जे कमी पडायचं ते एकाच वाडीत कमी पडायचं, कारण तिच्या खाली घ्यायला कोणी नव्हतं. तिच्या खाली नदी होती.

दिवाकरभाऊ रेतीत खाली बसला. ‘म्हणजे सगळं बाईवरच जाऊन पडे,’ तो म्हणाला.

सत्तारभाऊंचा अर्धा कोपरा मला तेव्हा समजला. तू आठ काठ्या स्वतःच्या हातानं मोजायचीस आणि पाचात लावायचीस, चारात लावायचीस, कोण्या साली तर तीनच राहत असतील. तुला मोजता येत होतं, भिवराबाई. वस्तीत सगळ्यात चांगलं तुलाच येत होतं. सगळं माहीत असून दर साली डोळे मिटून आमच्या खुणा पदरातून काढत राहिलीस, आणि त्यातूनच रोपांची ओळ उचलून मला दिलीस.

मला तुझा राग आला. खरं सांगते, मायेच्या आधी राग आला. एकदा तरी ओरडायचं होतंस. एकदा काठी घेऊन आमच्या पाठी लागायचं होतंस. आम्ही काही वाईट माणसं नव्हतो, कोणी सांगितलं असतं तर लाजलो असतो आणि खुंट्या मागे घेतल्या असत्या. तू गप्प राहून आम्हाला सुधारायची संधीच दिली नाहीस. हे मी रेतीवर उभी राहून मोठ्यानं बोलले म्हणे. शेवंता सांगते. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी रडत होते आणि काठी माझ्या हातात होती, आणि ती मी कधी घेतली ते मला कळलं नव्हतं.

मग मी चप्पल काढली. टाच दाबली. बसले, कोपरापर्यंत उकरलं, मूठ दाबली, बोट लावलं. गोळा फुटला. जागा चांगली होती.

वरच्या अंगानं मोजायला लागले तर दिवाकरभाऊ म्हणाला, ‘माही एक काठी कमी कर, मंदा. ते बाईची हाय.’ शेवंता म्हणाली, ‘माही बी.’ मग सगळेच म्हणाले. आठाऐवजी सात काठ्या, खुंटी. सात काठ्या, खुंटी. तू गेलीस, आता तेरा घरं. बारा पट्टे मोजून झाले आणि शेपटाकडे उरलेलं मोजलं तर वीस काठ्या भरल्या. एवढी रुंद वाडी आपल्या रेतीवर मी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांचं समाधान झालं. बाईची वाडी म्हणून सगळ्यांनी तिकडे हात जोडले. मग मी पदर पसरला, डोळे मिटले आणि एकेक खूण काढली. शिसं, कवडी, सुपारी, नारळाच्या करवंटीचा तुकडा. बाराव्या खुणेनंतर पदरात हात घातला तर पदर रिकामा.

आणि तेव्हा मला उमगलं. माझी बांगडी माझ्याच मुठीत होती.

मी म्हटलं, ‘हे बरोबर नाई. हे मी घेणार नाई. सगळ्यात मोठी वाडी माही कशी? मी चोर हाय.’

दिवाकरभाऊ गालात हसत होता. त्याला हे आधीच समजलं होतं. ‘वाटणाऱ्यानं उरन ते घ्याचं,’ तो म्हणाला. ‘कायदा हाय. तुहा थोडी हाय? बाईचा हाय.’

परत येताना धारेत आमच्या ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, ‘मले तरी सांगाचं होतं व.’ मी म्हटलं, चुकलं. दुसरं काय म्हणणार?

आता मी तुझ्या खोपीत बसून हे लिहिते आहे. तुझं बी सापडलं, भोपळ्यात राखेत घालून ठेवलेलं, वर चिंधी बांधून. बरंच आहे. वीस काठ्यांना पुरेल इतकं. तीन-चार काठ्यांच्या वाडीवाली बाई एवढं बी कशाला धरून ठेवत होती, हे मी तुला विचारलं असतं तर तू खर्रा तोंडात टाकून नदीकडे बघितलं असतंस.

परवापासून खड्डे करणार. त्याआधी कोणी ना कोणी खुंटी सरकवेलच. आज सगळ्यांनी एकेक काठी सोडली म्हणून हात आखूड होत नाहीत, मी माझा हात ओळखते. पण मी रोज सकाळी काठी घेऊन मोजायला जाणार आहे. सरकलेली दिसली की दारात जाऊन भांडणार आहे. माझ्या वाडीसाठी तर सगळ्यात आधी, कारण ती तुझी आहे. तुझ्यासारखी मी गप्प बसणार नाही. त्या भांडणातलं माझं अर्धं बरोबर होतं, तेवढं माझं राहू दे. तुझं अर्धं मी आजपासून शिकते.

काठी मी माझ्या घरी नेते आहे. सुतळी पुन्हा बांधते.

आणि पेजेत मीठ होतं, भिवराबाई. मी घरून निघायच्या आधी दोनदा चाखून पाहिली होती. तापानं तुझीच चव गेली होती. मला ते तेव्हा कळलं असतं तर मी वाटी आपटली नसती. तुझ्या कपाळाला हात लावून बघितला असता.